पानिंगच्या वजनाचा फोर्क

तागिबोंगच्या डोंगरावर ज्याच्या गाडीचा पुढचा फोर्क मऊ, त्याला कोणी गाडीवाला म्हणत नसे. इथे गाडी म्हणजे मोटारसायकल, आणि मोटारसायकल म्हणजे ओझं. कधी खोबऱ्याची चार पोती, कधी शाळेच्या बाई आणि त्यांच्या मागे एकमेकांना चिकटून बसलेली पाच माणसं. एवढं ओझं घेऊन उतारावर ब्रेक दाबला आणि फोर्क खाली बसला, की चाक खड्ड्यात तोंड खुपसतं आणि सगळी वरात हँडलवरून पुढे जाते. म्हणून नवी गाडी आली, पाद्रीबाबांनी तिच्यावर पाणी शिंपडलं, की दुसऱ्या दिवशी फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या स्प्रिंगांच्या दोन नळ्या, उघडायचा. मूळच्या स्प्रिंगा काढून जाड तारेच्या घालायच्या, त्यांच्यावर पाण्याच्या पाइपाचे तुकडे दाबून बसवायचे आणि इंजिनचं घट्ट तेल ओतायचं. सिल्व्हेरियोने बावीस वर्षांत तीन गाड्यांना हेच केलं होतं. त्याचा फोर्क दगड होता, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

आता हा दगड त्याला मऊ करायचा होता, आणि तोही गुरुवारच्या आत.

त्याच्या बायकोचा, पानिंगचा, डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. उजवा जायच्या वाटेवर होता. खाली शहरातल्या डॉक्टरने गुरुवार दिला होता. कापायचं, टाके घालायचे, शुक्रवारी सोडायचं. पण टाके निघेपर्यंत आठ दिवस डोक्याला धक्का बसता कामा नये, असं त्याने तीनदा सांगितलं. टाका सुटला तर डोळा गेला. त्यापेक्षा आठ दिवस खालीच राहा, असंही तो म्हणाला.

पानिंगने तिथल्या तिथे नवऱ्याला नाही म्हटलं. ती त्याला नोय म्हणायची.

"पट्टी बांधून परक्या घरात पडून राहायचं? पाणी प्यायला हाक मारायची? मला नाही जमायचं. माझ्या घरात मला अंधारातही मिठाचा डबा सापडतो. शुक्रवारी घरी आणणार असाल तर येते, नोय. नाहीतर राहू द्या तो डोळा."

सिल्व्हेरियोने मग तिची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. चाळीस वर्षांत तिचं 'नाही' कधी 'हो' झालेलं त्याला आठवत नव्हतं, आणि अलीकडे भांडायलाही अंगात बळ लागतं असं त्याच्या ध्यानात आलं होतं.

डोंगरावर आजारी माणसाला मागे बसवत नाहीत. त्याला पुढे, पेट्रोलच्या टाकीवर बसवतात, म्हणजे चालवणाऱ्याचे दोन्ही हात त्याच्या दोन्ही बाजूंना येतात आणि तो झोपला तरी पडत नाही. अशी कितीतरी माणसं सिल्व्हेरियोने खाली नेली होती. पण टाकीवर बसणाऱ्याचं सगळं वजन फोर्कवर येतं, आणि रस्त्याचा प्रत्येक दगड फोर्कमधून थेट त्याच्या डोक्यात जातो. मागचे शॉक त्याने दोन मिनिटांत सैल केले होते. खरं काम पुढचं होतं.

रविवारी चर्चमधून आल्यावर त्याने सदरा खुंटीला लावला आणि गाडी अंगणात घेतली. इंजिनखाली लाकडी खोकं सरकवलं. शेजारचा देन्सिओ माडीचा गडू घेऊन आलाच. तोही गाडी चालवायचा. सिल्व्हेरियोपेक्षा दहा वर्षांनी लहान आणि बोलण्यात दहापट पुढे. सिल्व्हेरियोला तो मानोय म्हणजे थोरला भाऊ म्हणायचा आणि पानिंगला मानांग, थोरली बहीण.

"मानोय, खरंच उघडताय?"

"मग काय, पूजा मांडलीय?"

"असा फोर्क केलात तर गाडी दर खड्ड्याला गुडघे टेकून प्रार्थना करेल."

"करू दे. तू चर्चमध्येसुद्धा टेकत नाहीस. तुझ्या वाटची ती करेल. पाना दे, सतरा नंबरचा."

नळ्या गाडीवर घट्ट धरलेल्या असतानाच त्याने वरची झाकणं अर्धी ढिली करून घेतली. नळी सुटी झाल्यावर झाकण खोलायला गेलं की ती हातात गरगर फिरते, हे तो पहिल्या गाडीवर शिकला होता. मग चाक काढलं, मडगार्ड काढलं, आणि दोन्ही नळ्या फिरवत फिरवत खाली ओढल्या. शेवटचं झाकण स्प्रिंगने वर उडवलं ते थेट देन्सिओच्या गडूवर आदळलं.

"मारून टाका एकदाचं!"

"माडी सांडली का?"

"नाही."

"मग ओरडतोस कशाला?"

बादलीत तेल उलटं केलं तेव्हा दोघंही वाकून बघायला लागले. तेल कसलं, काळा चिखल होता. त्यातून लोखंडाचा चमकता कीस खाली बसला. पाइपाचे तुकडे एकामागून एक घरंगळले. एकीत तीन, दुसरीत चार. इतकी वर्षं एक पाय दुसऱ्यापेक्षा ताठ ठेवून गाडी चालली होती आणि तिने तक्रार केली नव्हती.

"मानोय, ही तुमच्यावरच गेलीय," देन्सिओ म्हणाला.

नळी आणि खालचं घर वेगळं करायचं तर तळाचा बोल्ट सुटायला हवा, आणि तो बोल्ट आतल्या दांड्यासकट नुसताच फिरत होता. सिल्व्हेरियोने झाडूची जुनी दांडी कोयत्याने निमुळती तासली, वरून नळीत घालून आतल्या दांड्याच्या डोक्यात हातोडीने ठोकली.

"धर आता. हलू देऊ नकोस."

"हलत नाही. मानांगसाठी धरलंय."

बोल्ट कुरकुरला आणि सुटला. सिल्व्हेरियो तिथेच खोक्यावर बसला. उजव्या मनगटात कळ आली होती. पूर्वी ही सगळी कामं तो एका बैठकीत करायचा. आता दर बोल्टमागे बसावं लागत होतं. देन्सिओने गडू पुढे केला. त्याने मान हलवून नको म्हटलं.

जुन्या ऑइल सीलची कड कडक झाली होती. नळीला ओरखडा पडू नये म्हणून त्याने खाली चिंधी धरली आणि पेचकसाने सील उचकटून काढले. सगळं रॉकेलने धुतलं. नव्या स्प्रिंगा देन्सिओने शहरातून आणल्या होत्या. वर वेढे दाट, खाली विरळ. छोटा खड्डा दाट वेढ्यांनी गिळायचा, मोठा आला तर विरळ वेढ्यांनी तोलायचा, असं दुकानदाराने सांगितलं होतं. नवे सील तेलात बुडवून, पाइपाचा तुकडा वर ठेवून, बेताबेताने ठोकून बसवले.

आता प्रश्न उरला तो वजनाचा. तेल किती, स्प्रिंगवर दाब किती, हे वजनावर ठरतं. या बाबतीत सिल्व्हेरियोला डोंगरावर कोणाला विचारावं लागत नसे. माणूस गाडीवर बसला की गाडी किती दबली यावरून तो त्याचं वजन सांगायचा. खोबऱ्याच्या व्यापाऱ्याकडे पोतं तराजूवर चढण्याआधी तो आकडा सांगे, आणि तो एक-दोन किलोपलीकडे चुकत नसे. चालवणाऱ्याने बसणाऱ्याला वजन विचारणं म्हणजे स्वयंपाकिणीने मीठ किती घालू असं विचारण्यासारखं होतं.

"मानांगचं किती धरायचं?" देन्सिओने विचारलं.

"एक पोतं तांदूळ आणि वर दोन गांते मापून."

"चोपन्न किलो?"

"पंचावन्न म्हण. सणाच्या आठवड्यात."

आतून पानिंगचा आवाज आला. "माझं वजन गावभर सांगा! पाद्रीबाबांनाही कळवा!"

"त्यांना कबुलीच्या वेळी कळलंच असेल, मानांग," देन्सिओ ओरडला. "पापांसकट!"

तांदळाचं पोतं टाकीवर आडवं घातलं, वर दोन गांते तांदळाची पिशवी. सिल्व्हेरियो स्वतः मागे बसला. नळीवर त्याने रबराचं कडं चढवलं होतं. फोर्क दबला की ते वर सरकतं आणि दबल्याची खूण तिथेच राहते. कडं चार बोटं सरकलं. हातभर नळीत चार बोटं, म्हणजे अगदी हवं तसं. त्याने तेलाची पातळी पट्टीने मोजली, पाइपाचा छोटा तुकडा कापून वर बसवला आणि झाकणं आवळली.

"लोणी झालं," देन्सिओ म्हणाला. त्याने हँडल धरून गाडी दाबली. ती सावकाश खाली गेली आणि सावकाश वर आली. "मानोय, खरंच लोणी झालं."

मंगळवारी दुपारी सिल्व्हेरियोने पानिंगला अंगणात बोलावलं. शुक्रवारी डोळ्यावर पट्टी असताना तिला कसं बसवायचं, हात कुठे धरायचे, हे एकदा करून पाहावं असं त्याच्या मनात आलं होतं. देन्सिओ कुंपणावर टेकून बघत होता. पानिंगने सिल्व्हेरियोची जुनी पँट घातली होती आणि वर तिचा रोजचा ढगळ झगा. तिने चाचपडत टाकी शोधली, पाय टाकला आणि बसली.

सिल्व्हेरियो मागे बसला. त्याने खाली पाहिलं. कडं दोन बोटंही सरकलं नव्हतं.

"नीट बस. पाय टेकलेत का?"

"नाही. वर आहेत."

"सगळं वजन सोड."

"सोडलंय की."

तो उतरला. तिला उतरवलं. नवे सील नळी घट्ट धरतात, दहा-वीस वेळा दाबल्यावर मोकळे होतात. त्याने हँडल धरून फोर्क वीस वेळा दाबला. घाम आला. पुन्हा तिला बसवलं. कडं तिथेच. दोन बोटांना थोडं कमी.

"मानांग, तांदूळच तुमच्याहून जड निघाला!" देन्सिओ हसत म्हणाला, आणि मग सिल्व्हेरियोचा चेहरा बघून त्याने कुंपणावरची मिरची उगाच खुडली.

सिल्व्हेरियोने पुन्हा तिच्या बगलेखाली हात घातले आणि तिला खाली उतरवलं. पहिल्या वेळी त्याचं लक्ष फोर्ककडे होतं. या वेळी हातांकडे होतं. त्याने तिला जमिनीवर ठेवलं नाही, क्षणभर तसंच धरून ठेवलं.

"अडतीस," तो म्हणाला.

"काय अडतीस?"

"तू."

तीन वर्षांत त्याने तिला गाडीवर घेतलं नव्हतं. डोळ्याला दिसेनासं झाल्यापासून ती बाहेर पडत नव्हती. डॉक्टरकडेसुद्धा भाजीच्या ट्रकने, हादरे खात गेली होती. तो पहाटे निघायचा आणि संध्याकाळी पाय ओढत यायचा. ढगळ झग्यात माणूस किती उरलंय हे त्याने बघितलं नव्हतं. डोंगरावरच्या सगळ्यांची वजनं त्याच्या हातांना ठाऊक होती.

"जेवत नाहीस का?"

"जेवते."

"काय जेवतेस?"

"भात. पालेभाजीचं पाणी. रताळं असलं तर रताळं."

"आणि मासे? रोज आणतो मी."

"तुम्ही खाता ना."

"तू का नाही खात?"

पानिंगने झग्याची बाही नीट केली. "काटे दिसत नाहीत, नोय. एकदा घशात अडकला होता. तुम्ही मुळ्याच्या पुलाकडे गेला होतात. मी एकटी होते. बोटं घालून काढला. तेव्हापासून भीती बसली."

"सांगायचंस की."

"संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही ताटावरच झोपता. काटे काढून द्या म्हणू?"

देन्सिओने चप्पल शोधल्यासारखं केलं आणि तो घराकडे निघून गेला. सिल्व्हेरियो खोक्यावर बसला. त्याला राग आला होता, पण कोणावर ते कळत नव्हतं, आणि ते शोधून काढायचंही त्राण नव्हतं.

"म्हणजे नाही जमायचं?" पानिंगने विचारलं. "शुक्रवारी."

"आज मंगळवार आहे."

"तेच म्हणते."

"जमेल," तो म्हणाला. "फक्त परत उघडावा लागेल."

बुधवारी त्याने खोबऱ्याची खेप सोडली. तळाचे बोल्ट काढून तेल परत बादलीत घेतलं. आता घट्ट तेल चालणार नव्हतं. देन्सिओच्या घरी चारचाकीच्या गिअरचं लाल पातळ तेल होतं, तो न बोलावता बाटली घेऊन आला. त्या दिवशी त्याने एकही टोमणा मारला नाही, आणि ते सिल्व्हेरियोला जास्त टोचलं. पाइपाचे तुकडे करवतीने अंगठाभर आखूड केले. तेलाची पातळी दोन बोटं खाली ठेवली, म्हणजे आत हवा जास्त राहील आणि उडी मऊ होईल. या खेपेला टाकीवर तांदूळ ठेवले नाहीत.

"पानिंग, ये. बस."

ती बसली. कडं तीन बोटांवर थांबलं. त्याने पुन्हा झाकण उघडून पिचकारीने थोडं तेल ओढून घेतलं. ती पुन्हा बसली. असं पाच वेळा झालं. मधे तिने विचारलं, "पाय दुखतायत. अजून किती वेळा?" तो म्हणाला, "तू सांगशील तितक्या." पाचव्या वेळी कडं चार बोटं गेलं. तेव्हा दुपार टळून गेली होती आणि अंगणभर लाल तेलाचे डाग पडले होते.

गुरुवारी डोळा कापला, टाके घातले. शुक्रवारी सकाळी नर्सने पानिंगला दवाखान्याच्या पायरीपर्यंत आणलं. उजव्या डोळ्यावर जाड पट्टी, डाव्यात तर उजेडच नव्हता. ती पूर्ण अंधारात होती. नर्सने गाडी पाहिली, टाकी पाहिली आणि विचारलं, "आजोबा, हिच्यावर?"

"हिच्यावरच."

"धक्का लागला तर..."

"माहीत आहे, पोरी."

सिल्व्हेरियोने तिला टाकीवर बसवलं, तिची पाठ आपल्या छातीला टेकवली आणि हात दोन्ही बाजूंनी पुढे नेले. डोकं त्याच्या हनुवटीखाली आलं. डांबरी रस्ता होता तोवर ठीक होतं. फाट्यापासून दगड सुरू झाले. पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने तो वर निघाला. दगड पुढच्या चाकाखाली येत होते, फोर्क दोघांना उचलून हळूच खाली ठेवत होता. पानिंगचं डोकं त्याच्या हनुवटीखाली डुलत होतं, हादरत नव्हतं.

मागून येणाऱ्या गाड्या त्याला ओलांडून जात होत्या. सहा माणसं घेतलेला एकजण ओरडला, "म्हातारबा, चाकं विकत घेतलीत की भाड्याने?" सिल्व्हेरियोने नजर दगडांवरून काढली नाही. इतका हळू तो कधीच चालला नव्हता. हळू चालवायला जास्त बळ लागतं, हे त्याला साठाव्या वर्षी कळत होतं. क्लच अर्धा धरून धरून डावा पंजा बधिर झाला. तहान लागली, पण थांबलं तर पुन्हा निघताना गाडी झटका देईल, म्हणून तो थांबला नाही.

मुळ्याच्या पुलावर नारळाचे दोन ओंडके आडवे टाकलेले होते, आणि त्यांच्यामध्ये हातभर फट. फोर्क कितीही मऊ असला तरी ही फट तो गिळणार नव्हता. सिल्व्हेरियो चालत्या गाडीवरून एक पाय टाकून उतरला, बाजूने चालत, दोन्ही हातांनी हँडल धरून आणि पानिंगच्या पाठीला खांद्याचा आधार देऊन त्याने पुढचं चाक फटीवरून अक्षरशः उचलून पलीकडे ठेवलं, मागचं हळूच ओढून घेतलं. पाठीत काहीतरी कटकन वाजलं.

"उतरलात का? पोचलो?"

"नाही अजून."

"मग का उतरलात?"

"पाय आखडलेत. चालतोय जरा."

पुलापुढे तो पुन्हा बसला. पाठ सरळ होत नव्हती. पानिंग मधे मधे बोलत होती. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरची बाई रात्रभर कोंबड्यांचे भाव सांगत होती, असं काहीतरी. तो हूं म्हणत होता. चढण संपली, फणसाची झाडं आली, कुत्री भुंकली.

"नोय, विहिरीजवळचा खड्डा आला की आधी सांगा. तो फार खोल आहे. मी दात आवळून धरते."

सिल्व्हेरियोने गाडी थांबवली. पुढे कुंपणावर मिरची होती आणि तिच्यापलीकडे देन्सिओ उभा होता.

"तो गेला मागे," तो म्हणाला.

"कधी?"

"आत्ताच. तू कोंबड्यांचं सांगत होतीस तेव्हा."

पानिंगने हात पुढे चाचपून त्याचं मनगट शोधलं आणि त्यावर दोनदा थोपटलं.

"उतरवा मला."

"थांब. बोटं उघडत नाहीत."

देन्सिओ धावत आला. त्याने आधी पानिंगला अलगद खाली घेतलं, मग हँडलवरची सिल्व्हेरियोची बोटं एकेक करून सोडवली.

"मानोय, सोमवारी परत पाइपाचे तुकडे भरायचे ना? खोबऱ्याचा माणूस विचारत होता."

"आठ दिवसांनी टाके काढायचेत. परत खाली न्यायचंय तिला."

"आणि खेपा?"

"तू ने. तुझा दगड आहे अजून."

देन्सिओने मागच्या चाकाला दगड लावला. पानिंग बांबूच्या कठड्याला हात लावून चार पायऱ्या चढली आणि कोणाला हाक न मारता आत गेली. आत भांड्याचा आवाज झाला. सिल्व्हेरियो गाडीवरच बसून राहिला. उतरावं असं त्याला वाटत होतं, पण पाठ अजून तयार नव्हती.

"वाकू नकोस गं," तो दाराकडे बघून म्हणाला. "डॉक्टरने सांगितलंय. काय हवं ते सांग, मी येतो."